शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज: मुळं कुठली, पहिल्या अल्बमपर्यंत वाट कशी, आणि तो आवाज आज कसा काढायचा?

कोमल निषाद

'डॅप डिपिन विथ शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज' हा या अमेरिकन सोल-फंक बँडचा पहिला अल्बम २००२ चा. कानाला मात्र तो १९७० च्या अलीकडचा वाटतच नाही. जुन्या गाण्यांची नक्कल म्हणावं तर तसंही नाही, गाणी बहुतेक त्यांचीच आहेत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) हे नक्की कोणाचं घराणं? फंकवाला जेम्स ब्राउन, मेम्फिसची स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी की मोटाउन ही दुसरी?
२) २००२ च्या आधी हे लोक काय करत होते? मोठ्या कंपनीशिवाय अल्बम निघाला कसा?
३) आठ ट्रॅकच्या टेपवर (एका फितीवर शेजारी-शेजारी आठ स्वतंत्र पट्टे) आठ-नऊ माणसं मावतात कशी? ड्रम, बास, दोन गिटार, काँगा, ट्रम्पेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन आणि गायिका असा ताफा असेल आणि शेवटी तबकडी काढायची असेल, तर कुठे काय बिघडतं?

"सगळं टेपमुळे होतं" असं उत्तर नको, ते सगळीकडे वाचायला मिळतं.

---

मंद्रसप्तक

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

गायिकेची मुळं वेगळी आणि वाजवणाऱ्यांची वेगळी. शॅरन जोन्स १९५६ ची, जन्म जॉर्जियातल्या ऑगस्टाचा. जेम्स ब्राउन लहानाचा मोठा झाला तेच हे गाव. पुढे न्यूयॉर्क. गळा तयार झाला चर्चमधल्या गॉस्पेलवर, आणि पोटापाण्यासाठी लग्नाच्या बँडमध्ये गाणं, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारा, वेल्स फार्गोच्या चिलखती गाडीवर नोकरी. रूप, रंग, वय यांवरून कंपन्यांनी नाकारलं हे तिने मुलाखतींमधून वारंवार सांगितलं आहे. पहिला अल्बम आला तेव्हा ती पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची होती.

वाजवणारे तिच्याहून बरेच तरुण, आणि तबकड्या जमवण्याच्या नादातून इथे आलेले. गेब्रियल रॉथ (बास वाजवताना आणि निर्माता म्हणून नाव 'बॉस्को मॅन') आणि फिलिप लेहमन यांनी १९९६ मध्ये ली फील्ड्स या सोल गायकाचं ध्वनिमुद्रण ठरवलं. मागे गायला तीन जणी हव्या होत्या. आली एकटी शॅरन, आणि तिन्ही आवाज तिनेच भरले. खूश होऊन त्यांनी तिच्याकडून एक गाणं स्वतंत्र गाऊन घेतलं, ते 'स्विचब्लेड'. त्यानंतर रॉथ आणि लेहमन यांचं डेस्को हे लेबल (छोटी रेकॉर्ड कंपनी), त्यावर ४५ गतीच्या (मिनिटाला ४५ फेऱ्या) सात इंची तबकड्या. काहींवर साल छापलेलं नसे, त्यामुळे इंग्लंडमधले संग्राहक त्यांना सत्तरच्या दशकातला माल समजत. डेस्कोवाल्यांचा खोडसाळपणा असा की कधीच न निघालेल्या एका कुंग-फू चित्रपटाचं 'पार्श्वसंगीत' म्हणूनही त्यांनी एक एलपी काढली होती.

२००० मध्ये दोघं वेगळे झाले. लेहमनने सोल फायर काढलं, रॉथने सॅक्सवादक नील शुगरमनबरोबर डॅपटोन. सोल प्रोव्हायडर्स, शुगरमन थ्री आणि माइटी इम्पीरियल्स या डेस्कोच्या तीन गटांतल्या माणसांतून डॅप-किंग्ज उभे राहिले. अल्बमचं तातडीचं कारण अगदी व्यवहारी होतं. २००१ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या एका क्लबमध्ये मुक्कामी कार्यक्रम मिळाले आणि तिथे टेबलावर विकायला काहीतरी हवं होतं. त्यासाठी थोड्या प्रती काढल्या. तोच अल्बम २००२ मध्ये रीतसर डॅपटोनचं पहिलं प्रकाशन म्हणून आला.

म्हणजे क्रम बघा: आधी सुट्या तबकड्या, मग मंचावर वाजवून पक्की झालेली गाणी, मग अल्बम. स्टुडिओत बसून गाणी 'बनवण्याचा' टप्पा या वाटेवर नव्हताच. खर्च कमी राहिला तो मुख्यतः यामुळे. ब्रुकलिनच्या बुशविक भागातल्या ट्राउटमन स्ट्रीटवरचं दोन कुटुंबांचं घर भाड्याने घेऊन 'हाउस ऑफ सोल' स्टुडिओ केला तो पहिल्या अल्बमनंतर. तिथलं सुतारकाम-वायरिंग बँडनेच केलं. शॅरनसुद्धा त्यात होती. आवाज अडवायला जुने टायर आणि टाकून दिलेले कपडे वापरले.

घराण्याबद्दल: पहिल्या अल्बमवर १९६७ ते ७१ चा जेम्स ब्राउन उघड आहे, म्हणजे एकाच कॉर्डवर मिनिटभर टिकून राहणारा फंक. 'नॅचरली' (२००५) आणि '१०० डेज, १०० नाइट्स' (२००७) मध्ये लय उतरते आणि कॉर्ड वाढतात, तिथे स्टॅक्सची आणि अलाबामातल्या मसल शोल्सची छाया जास्त. तिसरा झरा लोक विसरतात: रॉथ आणि इतर काही जण अँटिबालास या ब्रुकलिनच्या आफ्रोबीट गटातही होते. दोन गिटारनी एकमेकींच्या मोकळ्या जागा भरायच्या ही सवय तिथून पक्की झाली असावी असं माझं मत.

जेम्स ब्राउनचं 'वन' समजून घेतलंत तर अर्धं काम झालं. प्रत्येक मापाच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात, उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपापल्या वाटेने फिरायचं. तबल्याच्या साथीला बसलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, समेवर येणंच ते, फक्त आवर्तन चार मात्रांचं. बास आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तिथे एकत्र पडले नाहीत तर वर कितीही ब्रास चढवा, गाणं बसत नाही.

---

फीतवाला

तिसरा प्रश्न. त्यांचा 'आय लर्न्ड द हार्ड वे' (२०१०) हा अल्बम अ‍ॅम्पेक्सच्या आठ ट्रॅक यंत्रावर केल्याचं डॅपटोनने जाहीर सांगितलं होतं. आठ ट्रॅकची एक कामचलाऊ वाटणी अशी:

१ बास
२ ड्रम (सगळा संच एकाच ट्रॅकवर, मोनो)
३ गिटार, तारा दाबून तोडत वाजणारी
४ गिटार, एकेरी सुरांची. ऑर्गन असेल तर तोही इथेच
५ काँगा आणि टँबरिन
६ तिन्ही ब्रास
७ मुख्य गायन
८ मागचं गायन

बास कडेला का? फितीच्या कडा आधी झिजतात, हेडला (फीत वाचणारा-लिहिणारा भाग) नीट चिकटत नाहीत, आणि त्याचा फटका वरच्या कंपनसंख्यांना बसतो. बासचं त्यात फार नुकसान नाही. टँबरिन कडेला टाकलीत तर मध्येमध्ये आवाज बुडालेला कळेल. ८ वर गायन आहे म्हणून कडा दुमडलेली जुनी फीत वापरू नका.

टँबरिनचा दुसरा सापळा म्हणजे मीटर. व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा) सरासरी दाखवतो, सुमारे ३०० मिलिसेकंदांची. टँबरिनचा टोला त्याच्या कितीतरी आधी संपतो. काटा शून्यावर आणून ध्वनिमुद्रण केलंत तर फितीवर चरचर उतरते. काटा -१० च्या आसपासच ठेवा. ड्रम मात्र +३ पर्यंत ढकलले तर फीत त्यांना गोल करते, आणि हवा असलेला जाडपणा बराचसा तिथून येतो.

फितीचा हिशोब: साडेदहा इंची रिळावर २५०० फूट. सेकंदाला १५ इंच गतीने ३३ मिनिटं, ३० इंचाने साडेसोळा. तीन मिनिटांच्या गाण्याचे एका रिळावर नऊ-दहा टेक (पूर्ण वाजवून केलेली मुद्रणं), बस. त्यामुळे चौथ्या टेकनंतर बँड थांबतो, ऐकतो आणि ठरवतो.

जागा कमी पडली तर ३, ४, ५ एकत्र करून ८ वर उतरवता येतात (मग मागचं गायन दुसरीकडे). दोन खबरदाऱ्या. शेजारच्याच ट्रॅकवर उतरवू नका, मध्ये एक ट्रॅक सोडा, नाहीतर हेडमध्येच शिट्टी सुरू होते. आणि उतरवलेलं मिश्रण पुन्हा सुटं होत नाही, म्हणून टँबरिन तिथे थोडी कमीच ठेवा. दर वेळी असं उतरवताना फितीची खरखर वाढते आणि टोले मऊ होतात.

आधीच्या मुद्रणावर नवा भाग वरून भरताना वादकाला जुना भाग सिंक हेडवरूनच (म्हणजे मुद्रण करणाऱ्या हेडवरूनच) ऐकवा. चुकून रिप्रो (फक्त ऐकवणाऱ्या) हेडवर राहिलं आणि दोन हेडमध्ये दोन इंच अंतर असेल, तर १५ इंच गतीला सुमारे १३० मिलिसेकंद उशीर. वादक बिचारा बेताल ठरतो आणि यंत्राकडे कोणी बघत नाही.

आता ड्रम. एकच माइक, साधा डायनॅमिक चालेल. तो फ्लोअर टॉमच्या बाजूने, किकच्या कडेच्या थोडा वर, स्नेअरकडे तोंड करून दीड-दोन फुटांवर. मग माइकला हात लावण्याआधी ड्रमवाल्याला हात आवरायला सांगा. झांजा हळू, स्नेअर ठाम. एका माइकमध्ये मिक्सिंग वादकाच्या मनगटात असतं. हाय-हॅट डोकं वर काढत असेल तर माइक खाली आणि दूर सरकवा, पाच सेंटिमीटरनेही चित्र पालटतं. किक पोकळ वाटली तर पुढचं कातडं काढून आत उशी टेकवा. स्नेअर घुमत असेल तर त्यावर काहीतरी ठेवा. स्टॅक्सचा अल जॅक्सन ज्युनियर पाकीट ठेवायचा, ते आजही चालतं.

बासला फ्लॅटवाउंड तारा आणि ब्रिजजवळ स्पंजचा तुकडा. मोटाउनच्या जेम्स जेमरसनची पद्धत हीच. राउंडवाउंड तारांची झणझण नंतर इक्वलायझरने कापता येते, पण सुराची शेपूट लांब राहते ती राहतेच, आणि किकशी कुस्ती सुरू होते.

---

कोमल निषाद

सविस्तर प्रतिसादांबद्दल आभार. फीतवाला, टेपयंत्र मिळणं, ते दुरुस्त ठेवणं, फीत आणणं हे सगळं जमण्यातलं नाही. संगणकावर काय करता येईल?

---

फीतवाला

बहुतेक सगळं. प्रकल्पात आठच मोनो ट्रॅक उघडा आणि नववा उघडणार नाही हे आधी ठरवा. २४ बिट, सर्वोच्च पातळी -१० च्या आसपास. टेपचं प्लग-इन शेवटी एकदा लावा, प्रत्येक ट्रॅकवर नको.

क्लिक (कानात वाजणारा यांत्रिक ठोका) नको. एका गाण्यात गती दोन-तीन ठोक्यांनी सरकली तर ती या संगीताची अडचण नाही. कोरसला थोडं पुढे जाणं हे चांगलंच. दोन टेक जोडायचे असतील तर जोड स्नेअरच्या टोल्यावर घ्या, आणि सगळे ट्रॅक एकाच जागी कापा. एका खोलीत सगळे वाजवत असतील तर प्रत्येक माइकमध्ये शेजाऱ्याचा आवाज असणारच, त्यामुळे फक्त गिटार उचलून दुसऱ्या टेकमधून आणता येत नाही. हाताने केलेली चूक पुसता येत नाही म्हणून लोक काचेच्या खोल्यांत बसतात, आणि मग विचारतात की आवाज एकजीव का नाही.

गळती सुंदर वाटावी म्हणून अंतरं मोजा. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. काँगा ड्रमच्या माइकपासून दहा फुटांवर असेल तर तो तिथे सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ठोका पसरट होतो. चार-पाच फुटांत बसवा. गिटारचे अ‍ॅम्प छोटे, १०-१५ वॉटचे, आणि त्यांचं तोंड ड्रमच्या माइकच्या पाठीकडे नव्हे तर भिंतीकडे. गायिकेला दाराबाहेर उभं करून मार्गदर्शक गायन घ्या, खरं गायन नंतर. तिच्याशिवाय नुसता ठेका वाजवलात तर ड्रमवाला नको तिथे भरती करतो.

---

बॅरिटोन

ब्रासबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि हौशी सोल बँड पडतात ते नेमके इथेच.

पहिली भानगड स्वराची. गिटारवाल्यांना ई आणि ए आवडतात. ट्रम्पेट आणि टेनर बी फ्लॅटची वाद्यं, बॅरिटोन ई फ्लॅटचं. गाणं ई मेजरमध्ये असेल तर ट्रम्पेट-टेनरला एफ शार्प मेजर वाजवावं लागतं आणि बॅरिटोनला सी शार्प मेजर. सहा-सात शार्प, जलद तुकड्यात बोटं अडकतात. तेच गाणं ई फ्लॅटला आणा: ट्रम्पेट-टेनर एफमध्ये, बॅरिटोन सीमध्ये, सगळे सुखी. गिटारवाल्यांनी तारा अर्धा सूर उतरवून घ्यायच्या आणि ई चेच आकार धरायचे. तारा ढिल्या पडतात, म्हणून ११ चा (थोड्या जाड तारांचा) संच लावा. गायिकेला ई पेक्षा अर्धा सूर वर हवा असेल तर मात्र एफ बघा. वाद गायिकेच्या बाजूनेच मिटला पाहिजे.

लिहिताना: ट्रम्पेटचा भाग खऱ्या सुरापेक्षा एक पूर्ण सूर वर, टेनरचा एक सप्तक आणि एक सूर वर, बॅरिटोनचा एक सप्तक आणि मोठा सहावा वर. लो ए ची कळ असलेल्या बॅरिटोनचा सर्वांत खालचा सूर प्रत्यक्षात सी लागतो, ती कळ नसेल तर डी फ्लॅट. त्याखाली लिहून ठेवलेलं बऱ्याचदा तालमीच्या दिवशी उघडकीला येतं.

जलद तुकडे तिघांनी एकसुरात किंवा सप्तकाच्या अंतराने वाजवायचे. तीन सुरांची कॉर्ड लांब टोल्यांसाठी राखा. सगळीकडे कॉर्ड भरली की वाद्यवृंद जाड होतो आणि गाण्यातला चावा जातो. आणि सूर कुठे सुरू करायचा हे सगळेच लिहितात, कुठे सोडायचा ते लिहीत नाहीत. 'दुसऱ्या मात्रेच्या आत तोडा' असं कागदावर लिहा. घट्ट ब्रास म्हणतात ते मुख्यतः एकत्र थांबणं आहे.

तिघांना एक माइक. रिबन जातीचा असेल तर उत्तम, ट्रम्पेटची धार बोथट करतो. ट्रम्पेट साडेचार-पाच फुटांवर, टेनर तीन, बॅरिटोन दोन. ट्रम्पेट मोठा वाटला तर फेडर नको, माणूस मागे सरकवा. एकाच ट्रॅकवर असल्यामुळे नंतर काही करता येत नाही. रिबनवर फँटम पॉवर (तारेतून माइकला जाणारी वीज) चालू ठेवून जोडणी ओढू नका, जुना रिबन मरू शकतो.

सूर जुळवणं दहा मिनिटं फुंकून झाल्यावर. हवा एक अंशाने थंड झाली की ब्रास साधारण ३ सेंट उतरतो. एसी २० वर लावून तालीम झाली आणि टेकच्या वेळी आवाज येतो म्हणून तो बंद केला, तर अर्ध्या तासात ब्रास चढतो आणि गिटार जागेवर राहते.

गिटारवाल्यांनाही एक: दोघांनी सहा तारांच्या पूर्ण कॉर्ड वाजवल्या की टेनरला जागा उरत नाही. एकाने वरच्या तीन तारा, दुसऱ्याने खालच्या तारांवर दाबून एकेरी तुकडा. तेवढं पुरतं.

---

कोमल निषाद

खर्चाचा काही अंदाज? ब्रुकलिनमध्ये घर घेणं वगैरे आपल्या आवाक्याबाहेरचं.

---

मंद्रसप्तक

याला डॅपटोनपेक्षा डुरँड जोन्स अँड द इंडिकेशन्स हे उदाहरण जवळचं. इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला जमलेला गट. डुरँड लुइझियानाचा, तिथे शास्त्रीय सॅक्सोफोन शिकायला आलेला. पहिला अल्बम तळघरात चार ट्रॅकच्या टास्कॅम यंत्रावर झाला आणि जाहीर झालेला खर्च ४५२ डॉलर ११ सेंट, त्यात बिअरचा एक खोका धरून. २०१६ मध्ये ओहायोच्या कोलमाइन या छोट्या लेबलने काढला, २०१८ मध्ये डेड ओशन्स या लेबलने पुन्हा. आठ ट्रॅक ही चैन वाटावी असं ते काम आहे. पण ऐकताना हेही लक्षात ठेवा की त्या आकड्यात वाजवणाऱ्यांची मजुरी नाही.

उलट दिशेचं उदाहरण डॅप-किंग्जचंच. निर्माता मार्क रॉन्सनने ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या 'बॅक टु ब्लॅक'साठी (२००६) याच बँडला वाजवायला घेतलं. स्वतःचं नाव मोठं होण्याआधी बँडचा हात बाजारात विकला गेला, आणि स्वतंत्र लेबल तगायला असं बाहेरचं कामही लागतं.

---

तबकडी

शेवटच्या टप्प्याचं लिहितो, कारण इथे पैसे वाया जातात.

एलपीची एक बाजू ३३⅓ गतीला १८ मिनिटांत बसवा. २० पर्यंत ठीक, २२ ओलांडली की खोबणी जवळजवळ आणावी लागते, पातळी उतरते आणि सगळं मऊ ऐकू येतं. साडेतीन मिनिटांची दहा गाणी म्हणजे ३५ मिनिटं, सोल अल्बमला नेमकं माप. सात इंचीवर ४५ गतीला साडेतीन मिनिटांपर्यंत आवाज दणदणीत, साडेचारच्या पुढे नाही. जेम्स ब्राउनची लांब गाणी 'भाग १' आणि 'भाग २' अशी दोन बाजूंवर असतात ती याच मर्यादेपोटी.

क्रम लावताना धारदार ब्रासचं गाणं बाजूच्या शेवटी टाकू नका. आतल्या वर्तुळात सुईखालून जाणारी लांबी कमी होते, 'स' आणि झांजा फाटतात. संथ गाणं शेवटी. गायनातला 'स' आणि 'श' कटिंगला (खोबणी कोरायला) पाठवण्याआधीच आवरा. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो असू द्या, नाहीतर सुई उडते. आठ मोनो ट्रॅक घेतलेत तर ही काळजी आपोआप मिटते.

लॅकरबद्दल (ज्या मऊ तबकडीवर आधी खोबणी कोरतात ती): कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला, त्यानंतर जगात लॅकर बनवणारा मुख्य कारखाना जपानचा एमडीसी. वाट बघायची नसेल तर तांब्यावर थेट कापण्याची डीएमएम पद्धत विचारा. सोलसाठी मला लॅकर बरा वाटतो, पण तीन महिने थांबण्याइतका नाही.

चाचणी प्रती आल्या की किमान दोन वेगळ्या प्रती ऐका. टिकटिक दोन्हींवर त्याच जागी असेल तर दोष साच्यात, कारखान्याला कळवा. एकीवरच असेल तर धूळ किंवा त्या प्रतीचा दोष. लांबवलेला सूर दर फेरीला डुलत असेल तर भोक मधोमध नाही. ही तपासणी स्वस्त सुईवरही करा, घेणाऱ्यांपैकी बरेच तीच वापरतात.

---

कोमल निषाद

एक राहिलं. डॅप-किंग्जच्या पहिल्या अल्बमवर जॅनेट जॅक्सनचं एक गाणं त्यांच्या पद्धतीने आहे. तसं एखादं जुनं गाणं घ्यायचं तर परवानगी कशी असते?

---

तबकडी

अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याला सक्तीचा (हक्कधारकाला नाकारता न येणारा) परवाना आहे, ठरलेला दर भरायचा. २००२ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे ८ सेंट होता. ३०० प्रती म्हणजे २४ डॉलर. म्हणून तिथले छोटे बँड बिनधास्त एखादं गाणं घेतात.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी. मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात. आधी सूचना द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ती दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. एखाद्या भाषेतल्या कृतींसाठी ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद आहे, पण ३०० प्रती काढणाऱ्याला ती वाट लांबची. मूळ हक्कधारकाला थेट पत्र लिहून स्वेच्छेचा परवाना मागणं परवडतं. पत्रात प्रतींची संख्या, माध्यम, आणि ऑनलाइन टाकणार की नाही हे तिन्ही लिहा. व्हिडिओ करणार असाल तर तेही वेगळं मागा, त्याचा हक्क ध्वनिमुद्रणाच्या परवान्यात येत नाही. आणि लेखी होकार हातात येईपर्यंत ते गाणं कटिंगला पाठवू नका. नकार आला तर एका गाण्यासाठी अख्खी बाजू पुन्हा कापावी लागते.